दंड टाळायचा निबंध

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान सुरू झालं की शाळा-कॉलेजांत निबंध स्पर्धांची एकच धांदल उडते. पूर्वी हे अभियान आठवडाभराचं असायचं, अलीकडे महिनाभर चालतं. म्हणजे निबंधही वाढले आणि ते तपासून देणाऱ्या आया, मावश्या, काकूंचं कामही वाढलं. गल्लीत एखादी बी. ए. मराठी झालेली बाई असेल तर विचारूच नका. 'काकू, जरा नजर टाका ना, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा,' असं म्हणत वही हातात येते. आता फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघणं म्हणजे फक्त फोडणीपुरता स्वयंपाक करण्यासारखं आहे, पण हे त्या पोरींना कसं सांगणार?

गेल्या वर्षी आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी असाच निबंध घेऊन आली. अकरावी कला शाखा, अक्षर मोत्यासारखं. विषय तिचा तिनंच निवडलेला, 'जास्त वेगाचा दंड कसा टाळावा?' असला विषय कुणी निवडतं का, असं मला वाटलं. मग कळलं की तिचा भाऊ भाजीचा छोटा टेम्पो चालवतो, आणि एकाच महिन्यात त्याच्या मोबाईलवर दोन ई-चलान आले होते. दोन-दोन हजारांचे. चार हजार रुपये म्हणजे त्या घरातला महिन्याचा किराणा. ताईंनी ते पैसे गटाच्या कर्जातून काढले होते, हे मला हिशेबाच्या वहीवरून माहीत होतं. त्यामुळे हा निबंध बक्षिसापेक्षा घरच्या गरजेतून लिहिलेला होता, आणि तो वाचताना ते जाणवत होतं.

शब्दमर्यादा तीनशेची, मजकूर चारशेच्या पुढे. वेगमर्यादेवरच्या निबंधात शब्दमर्यादा ओलांडलेली! मी तसं म्हटल्यावर ती पोट धरून हसली आणि आमची ओळख पक्की झाली.

आधी सोप्या चुका घेतल्या. लाल पेन मी कधी वापरत नाही, पेन्सिलच बरी. लाल खुणांनी भरलेलं पान पाहिलं की मूल वही मिटून ठेवतं. वहीत 'वाहतूकीचे नियम', 'पोलीसांनी', 'जीवाची पर्वा' असं लिहिलं होतं. या तिन्ही चुका एकाच घरातल्या आहेत. 'वाहतूक', 'पोलीस', 'जीव' हे शब्द एकटे असताना दीर्घ, पण त्यांना प्रत्यय लागला, सामान्यरूप झालं की ते ऱ्हस्व होतात. वाहतुकीचे, पोलिसांनी, जिवाची. हा एक नियम डोक्यात बसला की निम्मं पान आपोआप सुधारतं. मी तीन शब्द सुधारून दाखवले आणि बाकीचे तिलाच शोधायला सांगितले. तिनं सात शोधले, मोजून.

'गतीरोधक' हा शब्द मात्र तिनं एकटीनंच चुकवलेला नाही. गावोगावच्या पाट्यांवरही तो असाच रंगवलेला दिसतो. एकटा असताना 'गती' दीर्घ, पण समासात पहिला आला की मूळ संस्कृत शब्दाप्रमाणे ऱ्हस्व, म्हणून 'गतिरोधक'. माझ्या कपाटात मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण लेखन' आहे, पानं सुटी झालेलं. त्यातून तिला नियम दाखवला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, 'काकू, कॉलेजच्या वाटेवरच्या तिन्ही पाट्या चुकीच्या आहेत.' आता जन्मभर तिची यातून सुटका नाही!

अनुस्वाराची गंमत मात्र नुसती शुद्धलेखनाची नव्हती. तिनं लिहिलं होतं, 'वाटेतल्या गावात वेग कमी करावा.' मी विचारलं, 'वाटेत गावं किती?' 'पाच.' मग 'गावात' नाही, 'गावांत'. एका टिंबानं चार गावं वाढली. तो टेम्पो पहाटे ज्या पाच गावांतून जातो, त्यातल्या दोन ठिकाणी शाळा रस्त्याला लागून आहे आणि एका ठिकाणी बायका हंडे घेऊन रस्ता ओलांडतात, हे तिनं बोलताना सांगितलं. निबंधात ते कुठेच नव्हतं. मी समासात पेन्सिलीनं 'हे लिही' एवढंच लिहिलं.

स्वल्पविरामाचंही तसंच झालं. 'पोलीस दिसल्यावर नाही आधीच वेग कमी करा.' हे वाक्य मोठ्यानं वाचून पाहा. जीभ अडखळतेच. 'नाही'नंतर स्वल्पविराम टाकला की वाक्य सरळ होतं, 'पोलीस दिसल्यावर नाही, आधीच वेग कमी करा.' मुद्रितशोधन करणारे जुने लोक मजकूर मोठ्यानं वाचत, एक जण मूळ प्रत वाचे आणि दुसरा छापलेलं बघे. आपल्याला घरी जोडीदार नसेल तर स्वतःलाच वाचून दाखवायचं. डोळा चूक ओलांडून जातो, कान सहसा जात नाही. शिवाय ओळीखाली पट्टी धरावी, म्हणजे नजर पुढच्या ओळीवर उडी मारत नाही. आणि लिहिल्यावर एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. शिळ्या भाकरीची चव जशी दुसऱ्या दिवशी कळते, तशीच शिळ्या वाक्याचीही.

आता आकडे. निबंध तपासताना बहुतेक जण आकड्यांवरून नुसती नजर फिरवतात, कारण आकड्याला ना काना ना मात्रा. पण आकड्यातली चूक सगळ्यात महाग पडते. म्हणून मी आकडे वेगळे बसून तपासते, मजकूर बाजूला ठेवून, फक्त आकडे.

तिनं लिहिलं होतं, 'अतिवेगासाठी चारशे रुपये दंड होतो.' हा आकडा तिनं कुठल्याशा जुन्या मार्गदर्शक पुस्तकातून उचलला होता. एके काळी तो बरोबरही होता. पण २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाढीव दंड महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे आता हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये आणि मध्यम व जड वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा केला तर परवाना जप्त होऊ शकतो. गंमत अशी की खरा आकडा तिच्या घरातच होता, भावाच्या मोबाईलवर. मुलं पुस्तकावर विश्वास ठेवतात आणि घरातल्या कागदावर ठेवत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

दुसरा आकडा, 'टेम्पोला साध्या रस्त्यावर ७० ची मर्यादा असते.' ७० आहे, पण ती मोटारीला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल १०० आणि मालवाहू गाडीला ८०. शहरातल्या आणि इतर साध्या रस्त्यांवर मोटारीला ७०, मालवाहू गाडीला ६०, दुचाकीलाही ६० आणि रिक्षाला ५०. शिवाय ही झाली वरची मर्यादा. घाटात, शाळेजवळ, वस्तीत यापेक्षा कमी आकड्याचा फलक असेल तर तोच खरा. मी हे सांगत होते तेव्हा पोरगी एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, 'दादाला ७० च वाटतं काकू.' म्हणजे चूक फक्त वहीतली नव्हती. त्याच चुकीनं घराला चार हजारांना बुडवलं होतं.

तिसरी चूक एका शून्याची. 'अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालकांना २५०० रुपये दंड.' एक शून्य गळालंय. ते २५,००० आहेत, आणि कलम १९९ अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मैत्रिणींनो, 'दळण तेवढं घेऊन ये' म्हणून नववी-दहावीतल्या पोराच्या हातात चावी देणाऱ्या आपल्यातच आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहिलं.

'दरवर्षी लाखो लोक मरतात' या वाक्याखालीही मी रेघ मारली. 'लाखो' हा आळशी शब्द आहे. सरकारी अहवालात नेमकी संख्या असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतल्या दर शंभरातली सुमारे एकाहत्तर अतिवेगाच्या अपघातांत. 'लाखो' वाचून कुणी थांबत नाही. एक लाख अडुसष्ट हजार चारशे एक्याण्णव वाचताना थांबावंच लागतं, निदान तो एक्याण्णवावा कोण असेल असं मनात येतं.

पण सगळ्यात मजेशीर आकडा पुढे होता. 'वेगात गेल्याने अर्धा तास वाचतो, पण दंड होतो.' मी विचारलं, 'गाव ते बाजार समिती अंतर किती?' 'पंचेचाळीस किलोमीटर.' आता साठच्या वेगानं पंचेचाळीस किलोमीटरला लागतात पंचेचाळीस मिनिटं. त्यातून अर्धा तास वाचवायचा तर उरली पंधरा मिनिटं, म्हणजे टेम्पो ताशी १८० नं पळवायला हवा! भाजीचा टेम्पो! तिनं कॅल्क्युलेटर काढला, दोनदा गणित केलं आणि तोंडावर हात ठेवला. मग आम्ही पंचाहत्तरचा हिशेब केला, कारण चलानवर तिच्या दादाचा वेग त्याच्या आसपासच होता. पंचाहत्तरनं छत्तीस मिनिटं लागतात. वाचली नऊ मिनिटं. तीही रस्ता मोकळा असेल तर, वाटेतली पाच गावं, गुरं आणि गतिरोधक सोडून. नऊ मिनिटांना दोन हजार!

थांबायच्या अंतराबद्दल तिनं लिहिलं होतं की वेग दुप्पट झाला की ब्रेक लागायला अंतरही दुप्पट लागतं. मी कला शाखेची, म्हणून शेजारच्या विज्ञानाच्या सरांकडून खात्री करून घेतली. दुप्पट नाही, चौपट. साठाऐवजी पंचाहत्तरनं जाणाऱ्या गाडीला ब्रेक दाबल्यावर थांबायला दीडपटीहून जास्त अंतर लागतं. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, तेवढ्यात साठच्या वेगाची गाडी सतरा मीटर आणि पंचाहत्तरची एकवीस मीटर पुढे गेलेली असते. चार मीटर म्हणजे किती? आमच्या ओट्यापासून तुळशीवृंदावनापर्यंत. हंडा घेतलेली बाई तेवढ्यातच असते.

इथवर सगळं नेहमीसारखं होतं. खरी पंचाईत तिसऱ्या परिच्छेदात होती. तिथे तिनं दंड टाळायचे 'उपाय' दिले होते. समोरून येणारा गाडीवाला डिपर मारतो तेव्हा पुढे पोलीस आहेत असं समजावं आणि वेग कमी करावा. मोबाईलमध्ये असं ॲप ठेवावं की पुढे कॅमेरा आहे हे आधी कळतं. नंबरप्लेटवर चिखल असला तर फोटोत नंबर येत नाही. आणि नवल म्हणजे या तीन वाक्यांत एकही चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, विरामचिन्हं जागच्या जागी. भावाच्या तोंडून ऐकलेली वाक्यं होती ती, तोंडात बसलेली, म्हणून एकदम सफाईदार.

अशा वेळी तपासणाऱ्यानं काय करायचं? शुद्धलेखन बघायला सांगितलंय, तेवढंच बघून वही परत द्यायची? काही जणी तसं करतात आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या लिखाणात आपले विचार घुसडायचे नाहीत, हा मुद्रितशोधनाचा जुना दंडक आहे. काही जणी उलट टोकाला जातात. सगळं खोडून स्वतःचाच निबंध लिहून देतात, 'वेग आवरा, जीव सावरा' छापाचा. त्यात मूल कुठेच राहत नाही. परीक्षकांना तर ते पहिल्या ओळीतच कळतं.

मी तिन्ही वाक्यांपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि खाली तीन प्रश्न लिहिले. डिपर मारणारा कुणी आलाच नाही तर? कॅमेरा मागे पडल्यावर वेग किती? चिखल लावल्याचा दंड वेगळा असतो का? बस्स.

दोन दिवसांनी ती उत्तरं घेऊन आली. नंबरप्लेट झाकणं, मळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे तिला कॉलेजात आलेल्या वाहतूक पोलिसांकडूनच कळलं होतं. इंटरसेप्टर गाडीतली स्पीड गन लांबूनच वेग टिपते, म्हणजे गाडी आपल्याला दिसेपर्यंत फोटो निघालेला असतो, हेही तिनं त्यांनाच विचारलं होतं. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जी कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू झाली, तीत दोन ठिकाणांमधलं अंतर आणि गाडीला लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढायची सोय आहे. तिथे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून काही उपयोग नाही. हे सगळं तिनं स्वतः शोधलं होतं. तिसरा परिच्छेद तिनंच खोडला, माझी पेन्सिल घेऊन.

जाता जाता तिनं एक चांगली गोष्ट त्यात घातली. हल्ली चलानच्या नावानं खोटे संदेश येतात, त्यात ॲपची फाईल असते आणि ती उघडली की खात्यातले पैसे जातात. म्हणून चलान खरं की खोटं हे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या किंवा 'परिवहन'च्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालूनच बघायचं, संदेशातल्या लिंकला हात लावायचा नाही. मी ते वाक्य जसंच्या तसं ठेवलं. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या मोबाईलवर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या गाडीची नोंद असते, आपल्यालाही ते उपयोगी आहे.

आता निबंधात एक भोक पडलं होतं. उपाय गेले, मग दंड टाळायचा कसा? मी समासात एकच शब्द लिहिला, 'का?' दादा वेगात का जातो?

यावर तिनं जे लिहून आणलं, ते वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली. तिनं लिहिलं होतं की बाजार समितीत सौदे पहाटे सुरू होतात. उशिरा आलेल्या भाजीला भाव पडतो. शेतकरी मेथी-कोथिंबीर रात्री काढून ठेवत नाहीत, ती कोमेजते, म्हणून पहाटे काढतात आणि जुड्या बांधायला वेळ लागतो. टेम्पो भरून निघायला रोज वीस-पंचवीस मिनिटं उशीर होतो. तो उशीर दादानं रस्त्यावर भरून काढायचा, असं सगळ्यांनी धरून चाललंय. भाव पडला तर शेतकरी पुढच्या वेळी दुसरा टेम्पो बघतो. चलान आलं तर ते मात्र दादाचं एकट्याचं. 'नऊ मिनिटांसाठी दादा वेगात जातो,' असं तिनं लिहिलं होतं, 'पण उशीर त्याने केलेला नसतो.'

या परिच्छेदात चार चुका होत्या. 'कोथींबीर', 'उशीराने', एक अनुस्वार आणि एका वाक्याला कर्ता नव्हता. चारही मी सुधारल्या, पण एकही शब्द बदलला नाही. 'धरून चाललंय' हे बोलीतलं रूप आहे, लेखी भाषेत 'धरून चालले आहे' हवं, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, 'ठेवू का तसंच?' मी म्हटलं, ठेव. त्या जागी तेच बरोबर वाटत होतं.

शेवटी शब्द मोजले. चारशे साठ. पुन्हा कात्री! प्रस्तावनेतला 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' गेला, त्याचं कुणाला दुःख झालं नाही. 'वेगाचे महत्त्व' हा अख्खा परिच्छेद गेला. 'त्याचप्रमाणे', 'एवढेच नव्हे तर', 'हे सर्वांना माहीतच आहे' ही मंडळी गेली. सर्वांना माहीत आहे तर लिहायचं कशाला? दोनशे अठ्ठ्याण्णवांवर गाडी थांबली. शीर्षक मात्र तिनं तेच ठेवलं, 'जास्त वेगाचा दंड कसा टाळावा?' मीही हट्ट धरला नाही. निबंध तिचा आहे.

स्पर्धेत तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक पेन आणि प्रमाणपत्र. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिच्या आईनं तो निबंध गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. त्या गटात ज्यांच्या शेतातली भाजी त्याच टेम्पोत जाते अशा तिघी-चौघी आहेत. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, 'जुड्या बांधायला आम्ही दोघी जास्तीच्या येतो, पहाटे चारला.' दुसरी म्हणाली, 'बांधायचा दोरा आदल्या रात्री कापून ठेवला तरी दहा मिनिटं वाचतील.' चहा होईपर्यंत त्यांनी पाळ्या लावल्यासुद्धा.

गेल्या महिन्यात मी त्या ताईंना विचारलं, टेम्पो आता वेळेवर निघतो का? 'रोज नाही,' त्या म्हणाल्या. 'मेथीच्या दिवशी निघतो, कोथिंबिरीच्या दिवशी अजून उशीर होतो.' आणि चलान? दिवाळीनंतर एकही आलेलं नाही म्हणाल्या. मी त्यांच्या कर्जाच्या खात्यात शेवटच्या हप्त्याची नोंद केली.